१८३ व्या दिवशी मूल कुणाचं?

माझ्या बायकोने नोकरी सोडली त्या दिवशी आमच्या घरात भांडण झालं नाही. तिला नोकरी सोड असं कुणी म्हणालं नव्हतं. अम्मी नाही, अब्बू नाही, मी तर नाहीच. राजीनाम्याचा ईमेल मात्र मीच टाइप करून दिला, कारण तिच्या कडेवर मुलगी होती आणि हात मोकळे नव्हते. 'वैयक्तिक कारणांमुळे' असं मी लिहिलं. हा शब्द तेव्हापासून मला टोचतो आहे. त्या कारणात वैयक्तिक असं काहीही नव्हतं.

ती बी.एस्सी. केमिस्ट्री. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात क्यूसी लॅबमध्ये चार वर्षं होती, पगार १८ हजार. सरावलीतल्या आमच्या घरापासून कारखान्याच्या गेटपर्यंत रिक्षाने दहा मिनिटं. मी सॉफ्टवेअरवाला, ऑफिस अंधेरीला, आठवड्यातून तीन दिवस डहाणू लोकल. मुलगी सहा महिन्यांची झाली आणि बायको कामावर परत गेली. अम्मीने चार महिने सांभाळली. अम्मीला साखर आहे, गुडघे गेलेले आहेत. एका दुपारी बाळाला घेऊन उठताना तिचा तोल गेला. बाळाला काही झालं नाही, अम्मीचा हात मोडला. इथे एक ताई घरीच पाळणाघर चालवतात. त्यांनी महिन्याला साडेचार हजार सांगितले, तेही संध्याकाळी पाचपर्यंतच. बायकोची शिफ्ट साडेपाचला सुटायची. अर्ध्या तासाने नोकरी घेतली, असंही म्हणता येईल.

आता त्याआधीचे सहा महिने बघा. ते कसे सुखात गेले! २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि ते पैसे कारखान्याच्या मालकाच्या खिशातून आले नव्हते. ते ईएसआयमधून आले. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे तिच्या १८ हजारांवर तिचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. औषधोपचाराच्या खर्चाचा एक हिस्सा राज्य सरकार उचलतं. १९४८ च्या कायद्यातली ही व्यवस्था आहे. आपण तिच्या दवाखान्यांना कितीही नावं ठेवली तरी तिची रचना नीट समजून घ्यावी अशी आहे. या पेटीत बाळंत होणारी बाई पैसे भरते, तसेच शेजारच्या मशीनवरचा पन्नाशीचा ऑपरेटरही भरतो. मालकाला बाई कामावर ठेवली म्हणून एक रुपया जास्त पडत नाही आणि पुरुष ठेवला म्हणून कमी पडत नाही. म्हणूनच तिला रजा देताना कुणी तोंड वाकडं केलं नाही.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. १८२ व्या दिवसापर्यंत ते मूल सगळ्यांचं होतं: मालकाचं, कामगारांचं, सरकारचं. १८३ व्या दिवशी पेटी बंद झाली आणि मूल एकट्या आईचं झालं.

आम्ही विचारून पाहिलं, नाही असं नाही. तिच्या कारखान्यातल्या टाइम ऑफिसच्या बाबूने अगदी प्रेमाने समजावलं, "मॅडम, लेडीज आपल्याकडे २८ आहेत. तीसच्या वर गेल्या की पाळणाघर लागतं, म्हणून आपण जातच नाही. आणि कंपनीच्या मस्टरवर एकूण माणसं ४४. बाकी सगळे कंत्राटदाराचे." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तो नियम वाचून दाखवत होता. मग मी माझ्या ऑफिसात अर्ज केला. आमच्याकडे पाळणाघराचा भत्ता आहे. एचआरचं उत्तर दोन ओळींत आलं: ही सवलत फक्त महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे. म्हणजे बायकोच्या कंपनीत बायका पुरेशा नाहीत म्हणून नाही, आणि माझ्या कंपनीत मी बाई नाही म्हणून नाही. आमची मुलगी या दोन नियमांच्या मधल्या फटीत पडली.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. अटीत तुम्ही जो आकडा लिहाल, त्या आकड्याच्या एक खाली राहायला लोक शिकतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४८ मध्ये आधी ५० आणि १९७६ पासून ३० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. हेतू चांगलाच होता. पण त्या वाक्याचा मालकाच्या कानावर पडणारा अर्थ असा: एकतिसावी बाई घेतलीस तर खर्च वाढेल. पाळणाघराचं बिल कायद्याने बायकांच्या डोक्यावर चिकटवलं, मग मालकाने डोकीच कमी केली. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ही चूक ओळखली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असं म्हणताना तिने बायका न मोजता माणसं मोजली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या नव्या श्रमसंहिता लागू झाल्या त्यांनीही कारखान्यांसाठी तोच ५० चा हिशोब धरला आहे. हे पाऊल पुढचं आहे, मान्य. पण एमआयडीसीत फेरी मारा. छोटे गाळे, एका मालकाच्या दोन-तीन फर्म, निम्मे कामगार कंत्राटदाराच्या नावावर. ५० च्या खाली राहणं इथे फारसं अवघड नाही.

हा बग फार जुना आहे. हजरत उमर यांच्याबद्दलची एक रिवायत तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. बैतुलमालमधून मुलांना वजीफा मिळायचा, पण दूध सुटलेल्या मुलांनाच. एका रात्री मदिनेबाहेर उतरलेल्या काफिल्यात एक बाळ सारखं रडत होतं. समोर खलिफा उभा आहे हे त्याच्या आईला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, वजीफा मिळावा म्हणून मी वेळेआधीच याचं दूध तोडते आहे. उमर रडले, आणि हुकूम निघाला की वजीफा जन्मापासूनच मिळेल. ही गोष्ट आपण वाझमध्ये त्यांच्या रहमदिलीसाठी ऐकतो. मला ती धोरण दुरुस्तीची गोष्ट वाटते. त्यांनी आईला उपदेश केला नाही. अट चुकली होती, त्यांनी अट काढली.

आईने नोकरी सोडली की बिल मिटत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातं. कधी आजीच्या मोडलेल्या हातावर, आणि कितीतरी घरांत थोरल्या मुलीवर. आमच्या गल्लीत सहावीतली एक मुलगी आहे. आईला कंत्राटदाराकडे पहिली पाळी लागली की त्या आठवड्यात ही शाळेत नसते. दीड वर्षाचा भाऊ तिच्या कडेवर असतो. तिची हजेरी काढून पाहिली तर आईच्या पाळ्यांचं वेळापत्रक हाताला लागेल.

हे ज्यांनी आपल्याच जिल्ह्यात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ओळखलं त्यांची नावं आपण सामान्य ज्ञानाच्या पेपरापुरती पाठ करतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोईसरहून गाडी पकडली तर वाणगाव, डहाणू, घोलवड, इतकं ते जवळ आहे. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटी भावंडं त्यांच्या गळ्यात आहेत, हे त्यांना दिसलं. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. ताई शाळेत, भाऊ शेजारच्या पाळण्यात. अंगणवाडी हा आज देशभर पसरलेला शब्दही त्यांच्याच कामातून आला. सरकारने १९७५ मध्ये तो शब्द उचलला, पाळणाघर मात्र कोसबाडलाच ठेवून दिलं. आपल्या अंगणवाड्या दुपारी बंद होतात. दुपारी बंद होणारं केंद्र पाळीवर जाणाऱ्या बाईच्या काय कामाचं?

तर मग बिल कुणी भरायचं? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०२१ पासून एक योजना चालू आहे. मुलाच्या सांभाळाच्या खर्चाचे तीन सारखे भाग केले जातात. एक मालकाचा, एक आईबापाचा, एक राज्याचा. कल्पना साधी आहे आणि मला आवडली. पण ती जशीच्या तशी सरावलीत उतरवाल तर फसेल. तिथे मालक स्वेच्छेने सामील होतो. इथे स्वेच्छेने कोण येतंय, तो अनुभव मी वर सांगितलाच. शिवाय मालकाचा वाटा ज्या-त्या आईच्या नावाने काढला की पुन्हा तीच जुनी चूक: लहान मूल असलेली बाई महाग. आणि कंत्राटदार बदलला की वाटा गेला. मालकाचा हिस्सा ईएसआयसारखा हवा. दर कामगारामागे, बाई असो वा पुरुष, मूल असो वा नसो.

मी एक्सेलमध्ये हिशोब मांडला. आकडे माझे आहेत, अंदाजाचे, चूक काढा. ३० मुलांचं एक पाळणाघर. सांभाळणाऱ्या तीन बाया आणि एक मदतनीस, प्रत्येकी १४ हजार, म्हणजे ५६ हजार. (इथे काटकसर सुचवणाऱ्यांनी आपलं मूल कुणाच्या हाती देतोय ते आठवावं.) भाडं आणि वीज १६ हजार. जेवण-दूध रोजी ४० रुपये प्रमाणे २६ दिवसांचे ३१,२००. साबण, औषधं, चटया, खेळणी ४,८००. एकूण १ लाख ८ हजार. तीन भाग केले की प्रत्येकी ३६ हजार. मिळून ६०० कामगार असलेल्या कारखान्यांनी मालकांचा हिस्सा उचलला, तर दर कामगारामागे महिन्याला ६० रुपये पडतात. साठ! दिवसाला कटिंग चहाचा पाव भाग. आईबापांच्या ३६ हजारांतही सरसकट १,२०० नकोत. माझ्यासारख्या १५ घरांनी दोन-दोन हजार द्यावेत, कंत्राटावरच्या १५ घरांनी चारशे. बेरीज तीच येते.

मालक म्हणतील, एकत्र येणं जमत नाही, प्रत्येकाचा धंदा वेगळा. हे तारापूरमध्ये तरी म्हणू नये. या हजाराहून जास्त कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं, आणि त्याचा खर्च कारखाने वाटून घेतात. ते केंद्र आदर्श आहे असं मी म्हणत नाही. मांगेला समाजाच्या मच्छिमारांना त्याविरुद्ध हरित लवादात जावं लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण घाण पाण्यासाठी वर्गणी गोळा करता येते, पाइपलाइन टाकता येते, वाटा ठरवता येतो, तर पाळण्यासाठी का नाही? नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये तर हे स्पष्ट आहे. आस्थापनांचा गट आपले पैसे एकत्र करून सामायिक पाळणाघर उभारू शकतो, किंवा पालिकेचं, सरकारचं, संस्थेचं पाळणाघर वापरू शकतो. वाट कायद्यातच आहे.

आणि हे पाळणाघर कारखान्याच्या आवारात नको. मुंबईत बांधकामाच्या जागांवर मोबाइल क्रेशेसने १९७२ पासून जे काम केलं ते थोरच आहे, आई विटा उचलते तिथेच मूल सुरक्षित. पण आपली जागा वेगळी आहे. जानेवारी २०२० मध्ये कोळवड्यातल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा किती दूरवर खिडक्या हादरल्या, ते इथल्या कुणालाही विचारा. रिअॅक्टरच्या शेजारी पाळणा टांगणारा कायदा पाळला गेला तरी मला त्याची भीतीच वाटेल. पाळणाघर वस्तीत हवं, सरावलीत, जिथून रिक्षा भरतात तिथे.

सरकारच्या तिसऱ्या भागासाठी नवी योजना शोधायची गरज नाही. केंद्राची 'पालना' योजना आहे, तीत अंगणवाडीला पाळणाघर जोडता येतं. केंद्र आणि राज्य खर्च वाटून घेतात. पोषण आहार अंगणवाडीत येतोच. आणि आपली ग्रामपंचायत? स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणं तिला बंधनकारक आहे. गावोगावी या पैशांतून शिलाई मशीन आणि प्रशिक्षण शिबिरं होतात. शिलाई मशीनला माझा विरोध नाही. पण बाईसाठी काही करायचं म्हटलं की तिला घरातच बसवणारी वस्तू आपल्याला आधी का सुचते?

आता थोडं आपल्या घरातलं. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिलं होतं की कामाच्या बाजारात मुस्लिम बायका सर्वांत कमी दिसतात आणि ज्या काम करतात त्यांतल्या बऱ्याच घरबसल्या कामात अडकलेल्या असतात. बाहेरचे लोक याचं उत्तर एका शब्दात देतात: पडदा. आपणही चिडून पडद्याचीच बाजू लढवत बसतो. मी आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या बायकांना इमिटेशनचे मणी ओवताना, कपड्यांचे धागे कापताना पाहतो, त्यांच्या शेजारी जवळजवळ नेहमी एक लहान मूल झोपलेलं असतं. त्यांना नगावर मिळणारे पैसे कंपनीच्या हजेरीच्या आसपासही जात नाहीत. त्यांना कुणी कोंडलेलं नाही. मूल ठेवायला जागा नाही, एवढंच.

मूल परक्या बाईच्या हातात दिलं तर संस्कार बिघडतात, असं मला मशिदीबाहेर एका ज्येष्ठांनी ऐकवलं. मी अदबीने विचारलं, चाचा, हलीमा सादिया कोण होत्या? ते हसले, विषय बदलला. सूरह बकराची २३३ वी आयत पुन्हा काढून वाचा. दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार तिथे बापावर आहे. मुलापायी आईचं नुकसान होऊ नये, बापाचंही होऊ नये असं तिथे आहे. दुसऱ्या बाईकडे मूल सोपवायचं असेल तर तिचा मोबदला नीट द्या, हेही आहे. फुकट राबणाऱ्या आजीचा उल्लेख मला तरी सापडला नाही.

आपण तरुण मुलगे या सगळ्यात फार आरामात निसटतो. मी निसटलो. साडेचार हजारांचा विषय निघाला तेव्हा मी तो तिच्या १८ हजारांतून वजा केला. माझ्या पगारातून का नाही केला? रिक्षा, पाळणाघर, अम्मीचं औषध, सगळं तिच्या पगारातून वजा करत गेलो आणि शेवटी म्हणालो, "मग उरतं काय?" तिने चार वर्षं एचपीएलसीवर काढली होती. तिच्या जागी आलेल्या मुलाला ते मशीन शिकायला किती महिने लागले असतील, तो खर्च तिच्या कारखान्यानेही मांडला नसेल. आम्ही दोघांनीही, मालकाने आणि मी, एकच हिशोब केला. तो स्वस्तातला होता, कारण त्यात आमचं काही जात नव्हतं.

मुलगी आता अडीच वर्षांची आहे. बायको पुन्हा अर्ज करते आहे. मुलाखतीत 'गॅप का?' असं विचारतात.

१ मे रोजी ग्रामसभा आहे. मी एक पानाचा अर्ज तयार केला आहे. मागण्या तीन. सरावलीतल्या एका अंगणवाडीला 'पालना'खाली संध्याकाळी सहापर्यंत चालणारं पाळणाघर जोडण्याचा ठराव करावा. १० टक्क्यांच्या निधीतून त्याच्या जागेचं भाडं द्यावं. आणि कारखानदारांच्या संघटनेला, टिमाला, दर कामगारामागे ठरावीक वर्गणी देण्याबद्दल ग्रामपंचायतीने लेखी पत्र पाठवावं. अर्जावर आतापर्यंत ४१ सह्या आहेत. त्यातल्या ३६ बायकांच्या. उरलेल्या पाचांत एक माझी आणि एक अब्बूंची.

जुम्याच्या नमाजनंतर मी अर्ज घेऊन बाहेर उभा असतो. पेन माझ्याकडे आहे.